मांडवा ते रत्नागिरी: गाड्या टाळून सागरी रस्त्याने सायकल (मार्ग, फाटे, फेरीबोटी, सामान)

सडेकर

दर हिवाळ्यात 'कोकणात सायकलने जायचंय, कुठला रस्ता बरा?' हा प्रश्न तीन-चार धाग्यांवर येतो आणि उत्तरं विखुरतात. म्हणून सगळं एका जागी. धागा रोडबाइक आणि हायब्रिडवाल्यांसाठी आहे. एमटीबीवाल्यांना (जाड टायरच्या डोंगरी सायकली) यातले निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: हा रस्ता शांत आहे तो खाड्यांमुळे. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री... थोडं अंतर कापलं की पाणी आडवं येतंच. ज्याला मुंबईहून रत्नागिरीला लवकर पोचायचंय तो राष्ट्रीय महामार्ग ६६ धरतो. किनाऱ्यावर उरतात ती गावातली माणसं, एसटी, मासळीचे टेम्पो आणि पर्यटक. पर्यटक वार बघून येतात. तेव्हा वार आपण सांभाळायचा.

कुंडलिकेवर रेवदंड्याला पूल आहे. बाकी चार ठिकाणी फेरीबोट, म्हणजे तिकडच्या भाषेत जंगलजेट्टी: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. यातली एक युक्ती फार कामाची आहे. बोटीतून उतरलेल्या गाड्या एका झुंडीने सुटतात आणि पुढच्या एकेरी चढावर सगळ्या तुमच्या मागे हॉर्न वाजवत राहतात. त्यांना आधी जाऊ द्या. जेट्टीवर पाच-सात मिनिटं पाणी प्या, मग निघा. पुढची बोट येईपर्यंत मागून फारसं कोणी येत नाही.

आता टप्पे. अंतरं गोळाबेरीज आहेत, आत-बाहेर केलं की बदलतात.

मांडवा ते मुरूड-जंजिरा, सुमारे ७० किमी. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या नेणारी मोठी बोट) पकडा, सायकल तशीच ढकलत आत नेता येते. गेटवेच्या लाँचवर सायकल घेतील की नाही हे त्या दिवशीच्या गर्दीवर ठरतं, त्या भरवशावर बेत आखू नका. मांडव्याहून मुख्य रस्त्याने न जाता सासवणे–आवास असं आतून जा. (सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय वाटेतच आहे.) पुढे अलिबागपर्यंत मुख्य रस्त्याला पर्याय कमी. नागाव–चौल हा वाड्यांमधला पट्टा अरुंद आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, त्यामुळे गाडी आली की बाजूला व्हायला जागाच नाही. तो सकाळी शक्य तेवढ्या लवकर पार करा. रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळावला उजवीकडे. डावीकडचा रस्ता रोह्याचा, अवजड वाहनं तिकडची. पुढे कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड. शनिवार-रविवारी काशीदला रस्त्याच्या कडेलाच गाड्या लावतात आणि न बघता दारं उघडतात. म्हणून पहिला दिवस सोमवार ठेवा. हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

मुरूड ते हरिहरेश्वर, ७० च्या आसपास. मुरूडहून आगरदांड्याच्या जेट्टीवर जायचं, राजपुरीच्या नाही. राजपुरीहून जंजिऱ्याच्या होड्या सुटतात. दिघीत बंदराचे ट्रक आहेत, पण ते म्हसळा–माणगावकडे जातात. आपण उतरल्या उतरल्या किनाऱ्याचा रस्ता धरायचा: आदगाव, वेळास, दिवेआगर. दिवेआगर–भरडखोल–शेखाडी–आरावी–श्रीवर्धन हा माझ्या मते अख्ख्या मार्गातला सर्वात उत्तम पट्टा. एका हाताला डोंगर, एका हाताला समुद्र, मधे डांबर. चढ नावापुरते.

हरिहरेश्वर ते हर्णै-मुरूड, ६५ ते ७०. इथून कोकण खरं सुरू होतं, म्हणजे चढ. बागमांडल्याहून वेसवी, तिथून बाणकोट–वेळास करून यायचं असेल तर थोडा फेर पडतो, पण घाला. पुढे एक फसगत आहे: साखरीच्या बाजूने केळशी समोर दिसते, पण सध्या वाहतुकीला चालू असलेला पूल भारजा नदीवर आत मांदिवलीला आहे. नकाशात सरळ रेषेत ४ किमी दिसलं म्हणून खूश होऊ नका. केळशी–आडे–पाडले–आंजर्ले हा रस्ता गावांच्या बागांमधून जातो, एक गाडी जेमतेम मावेल असा. आंजर्ल्याचा पूल, मग हर्णै.

हर्णै-मुरूड ते गुहागर, ६५. कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ, बोट, धोपावे, गुहागर. अंतर कमी, चढ जास्त. एकही मोठा घाट नाही, तरी हजार मीटरच्या आसपास चढ जमतो. कारण सोपं आहे. दर खाडीला समुद्रसपाटीला उतरायचं आणि परत सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) चढायचं.

गुहागर ते गणपतीपुळे, ६५. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, रोहिले, तवसाळ, बोट, जयगड, मालगुंड. जयगडला बंदराचे आणि वीजप्रकल्पाचे ट्रक निवळीच्या रस्त्याने जातात. त्या रस्त्यावर जेवढं कमी राहाल तेवढं बरं, फाटा मिळाला की मालगुंडकडे वळा. दुसऱ्या दिवशी सकाळी आरे-वारे करून रत्नागिरी, २५ किमी. संपलं.

नवशिकी_पॅडल

छान धागा, दादा. एक शंका: दोन वेळास आणि दोन मुरूड आहेत का? नकाशावर मुरूड टाकलं की कधी रायगड दाखवतंय, कधी दापोली.

सडेकर

हो ताई. एक मुरूड जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात. दुसरं दापोली तालुक्यातलं, हर्णैजवळचं. एक वेळास दिवेआगरशेजारी, दुसरं बाणकोटजवळ मंडणगड तालुक्यात. कासवांचा महोत्सव होतो ते दुसरं. फोनमध्ये नाव शोधून मार्ग आखू नका, फाट्यावर बोट ठेवून आखा.

गिअर३४

मार्गाबद्दल बोलायलाच नको. पण 'चढ जास्त' एवढ्यावर भागवू नका, त्यावरच बहुतेकांची सहल फसते. हिशोब देतो.

चालवणारा ७० किलो, सायकल ११, सामान ९, एकूण ९०. चढ १० टक्के. (कोळथरे-दाभोळच्या बाजूला असे तुकडे भरपूर आहेत, काही ठिकाणी त्याहून तीव्र.) टायर ७००×२८. मिनिटाला ६० पॅडल मारायचे धरले तर:

पुढच्या चक्राला ३९ दात, मागच्याला २५ : ताशी १२ किमी, सुमारे ३१५ वॉट लागतात.
पुढे ३४, मागे २८ : ताशी ९.३ किमी, सुमारे २४५ वॉट.
पुढे ३४, मागे ३४ : ताशी ७.७ किमी, सुमारे २०० वॉट.

रोज सराव करणाऱ्या सर्वसाधारण माणसाला २०० वॉट दहा-पंधरा मिनिटं झेपतात. ३१५ झेपत नाहीत. मग तो पॅडल ६० वरून ४० वर आणतो, गुडघ्यावर जोर येतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं. लोक म्हणतात 'सीट चुकीची होती'. सीट नव्हे, गिअर.

मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवताना मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा आहे का ते आधी बघा. उदाहरणार्थ शिमानो १०५ आर७००० मध्ये आखूड पिंजरा जास्तीत जास्त ३० दात घेतो, लांब पिंजरा ३४. कॅसेट बदलली की चेनची लांबी पण बदलते. चेन डिरेलरमधून न घेता मोठ्या चेनरिंगवर (पुढच्या चक्रावर) आणि मागच्या सर्वात मोठ्या चक्रावर गुंडाळायची, जिथे जुळते त्याच्या पुढे दोन कड्या जास्त. जुनीच चेन ठेवली आणि चुकून मोठं-मोठं लागलं तर डिरेलर हँगरसकट (तो फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यासकट) उपटून येतो. शेवटी डिरेलरचा बी-स्क्रू फिरवून वरची छोटी पुली आणि मोठं चक्र यांत ५-६ मिमी फट ठेवा. घासल्यासारखा आवाज आला तर फट कमी आहे.

लाल_धूळ

+१. चढाचं झालं, आता उताराचं. जेट्टीकडे उतरणारे सगळे रस्ते एकाच जातीचे: वर चांगलं डांबर, मधे दोन-तीन अरुंद वळणं, आणि शेवटच्या शे-दोनशे मीटरला फुटलेलं काँक्रीट आणि वाळू. वेग वरच कमी करा. ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. जोरात दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, म्हणजे रिम किंवा डिस्क मधल्या वेळात थोडी गार होते.

रिमब्रेकवाल्यांनी रोज संध्याकाळी पॅड बघायचेच. जांभ्याचा बारीक कण पॅडच्या रबरात रुततो. तो टाचणीने उकरून काढला नाही तर दुसऱ्या दिवशी रिमवर गोल चरा पडत जातो. ब्रेक दाबल्यावर खर्र खर्र असा आवाज आला तर थांबा, पुढच्या गावापर्यंत ढकलू नका. पॅड काढून खडबडीत दगडावर दोन-तीनदा घासले की वरचा काचेसारखा थर जातो. कार्बन रिम घरी ठेवा. डिस्कवाल्यांनी जास्तीची एक पॅडची जोडी घ्या. रेझिनचे पॅड ओल्यात लवकर झिजतात.

हर्णैला खास सांगणं: बंदराजवळच्या वळणांवर मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी गळत असतं. लिलावाच्या वेळी रस्ता तेलकट होतो. तिथे वळणात ब्रेक नाही मारायचा, आधी मारून घ्यायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा हा त्रास नाही, पण तेव्हा पाऊस आहे.

आणि फेरीबोटीचा रॅम्प! लोखंडी पत्रा, त्यावर उंचवटे, वर खारं पाणी आणि शेवाळ. क्लीट (पॅडलला अडकणारी तळाची पट्टी) घातलेला बूट तिथे बर्फावर ठेवल्यासारखा सरकतो. उतरून, सायकल डाव्या हाताला धरून, आखूड पावलं टाकत जा. बोटीत सायकल कठड्याला बांधायला एक लवचिक पट्टा ठेवा, डिरेलरची बाजू बाहेर.

प्रजिमा

रस्ते निवडायची आमच्या खात्यातली पद्धत सांगतो. ती फक्त कोकणात नाही, राज्यात कुठेही चालते.

मैलाच्या दगडाचं डोकं बघा. पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्यमार्ग, काळं किंवा निळं म्हणजे जिल्हा मार्ग, नारिंगी म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता. सायकलला नारिंगी सर्वांत चांगला. या रस्त्यांचं डांबर साधारण पावणेचार मीटर रुंद असतं (अगदी कमी रहदारीला तीन मीटर), म्हणून मोठी वाहनं आपणहून टाळतात. सुरुवातीला फलक असतो: कामाचं नाव, लांबी, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख. ठेकेदारावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. म्हणजे तारीख पाच वर्षांच्या आतली असेल तर रस्ता चांगला मिळण्याची शक्यता बरी. सात-आठ वर्षं जुनी असेल आणि पुढे मोठा चढ असेल तर उतारावरचं डांबर वाहून गेलेलं सापडतं, कारण कोकणात पाणी रस्त्यावरूनच वाट काढतं. बाजूचं गटार बुजलं की दोन पावसाळ्यांत कडा तुटतात.

दुसरी खूण: रस्ता पुढे कुठे निघतो? खाण, क्रशर, वाळूचा धक्का, कारखाना, रेल्वेचा मालधक्का यांपैकी काही टोकाला असेल तर कागदावर ग्रामीण मार्ग असला तरी डंपर असणार. केळशी-उंबरशेतच्या बाजूला बॉक्साइटच्या खाणी आहेत. खाण चालू असेल तेव्हा डंपर भेटतात. उपग्रह-चित्रात लाल-तांबडा उघडा चौकोन दिसला की समजा.

उंचीच्या आलेखावर आंधळा विश्वास नको. ॲप वापरतात ती उंचीची माहिती बहुधा ३० मीटरच्या चौकटींची असते. शेखाडीसारखा रस्ता कड्याच्या पायथ्याशी असला की चौकटीत कडाही येतो आणि सपाट रस्त्यावर दातेरी चढ दिसतात. पुलांचंही तसंच. असा दातेरी आलेख दिसला तर प्रत्यक्ष चढ बराच कमी धरा.

घाटावरचा

पुण्याकडच्यांनी काय करायचं? ताम्हिणीने माणगावला उतरून म्हसळा-श्रीवर्धन?

सडेकर

ताम्हिणी मधल्या वारी चालेल. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अजिबात नको, धबधब्यापाशी गाड्यांची रांग असते. पण माणगाव–म्हसळा रस्त्यावर दिघी बंदराचे ट्रक लागतात, आणि तेवढ्यासाठी आपण एवढा खटाटोप करत नाही आहोत. त्यापेक्षा माणगावजवळचं गोरेगाव–आंबेत–म्हाप्रळ–मंडणगड करून वेसवीला किंवा केळशीला लागा. अर्धा मार्ग सुटतो, पण जो उरतो तो शांत. आंबेतचा पूल चालू आहे का, एवढं निघण्याआधी विचारून घ्या.

वरंधा घाट भोर-नीरा देवघरच्या बाजूने सुंदर आहे. फक्त पावसाळ्यात जिल्हा प्रशासन तो वाहतुकीला बंद करतं आणि कामांसाठीही बंद असतो. चालू असल्याची खात्री करूनच जा. अर्ध्यातून मागे फिरणं म्हणजे उतरलेला सगळा घाट परत चढणं.

भरती_ओहोटी

दोन गोष्टी राहिल्या. एक, दिशा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो, दुपारी समुद्राकडून वायव्येचा येतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जा, दुपारचा वारा पाठीशी पडतो. रत्नागिरीहून उलटं आल्यास सड्यावर तोच वारा तोंडावर.

दोन, वेळ. 'सहाला निघा' असं सगळे सांगतात, पण डिसेंबर-जानेवारीत उजाडायलाच पावणेसात होतात. अंधारात निघून कुत्र्यांशी आणि रस्त्यात बसलेल्या गुरांशी गाठ घालून घेण्यात काही फायदा नाही. पावणेसातला निघा, साडेदहा-अकरापर्यंत दोन-तृतीयांश अंतर संपवा. दुपारी जेवण, सावली, तीननंतर उरलेलं. नोव्हेंबरात काही गावांत भात रस्त्यावर वाळत घातलेलं असतं. त्यावरून सायकल घालायची नाही, घासून जाण्यापेक्षा उतरा.

आणि तारखा: गणपतीपुळ्याला संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, पोचू नका. आरे-वारेपर्यंत रांगा असतात. शिमग्यात चाकरमानी गावी आलेले असतात, पालख्या रस्त्यावर असतात. बघायला जा, अंतर कापायला नको. गणपतीत आणि मे महिन्यात तर विसराच.

नवशिकी_पॅडल

पाणी किती घ्यावं? आणि जेवण कुठेही मिळतं का? मुक्काम एकटीने केला तर?

भरती_ओहोटी

कोकणात घाम सुकत नाही, म्हणून आपण किती गमावतोय ते कळत नाही. तासाला ५०० ते ७५० मिली धरा. दोन बाटल्या पाऊण-पाऊण लिटरच्या. एकीत साधं पाणी, एकीत मीठ-साखर. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नका. कोकम सरबत उत्तम, पण दुकानातलं फार गोड असतं, पाणी घालून घ्या.

जेवण 'कुठेही' मिळत नाही. दिवेआगर, गुहागर, पुळे इथे मिळेल. पाडले-आडे, रोहिले, कोळथरे अशा ठिकाणी घरगुती खानावळीला दोन-तीन तास आधी फोन करून सांगावं लागतं, मग ते चूल पेटवतात. सांगितलं नसेल तर बिस्किटं आणि केळी. मुक्कामाला घरगुती निवासच घ्या. बायकांना ते सोयीचंही पडतं, घरचीच माणसं असतात. उजेडात पोचा आणि घरमालकांना निघताना पुढच्या गावाचं नाव सांगून ठेवा. स्वच्छतागृहासाठी एसटी स्थानकापेक्षा मोठी देवस्थानं बरी: हरिहरेश्वर, वेळणेश्वर, हेदवी.

रोख पैसे ठेवा. जेट्ट्या खाली पाण्याशी आणि गावं डोंगरांच्या बेचक्यात, रेंज जाते. फेरीबोटीला सायकलचं तिकीट वेगळं, सुटे लागतात. शेवटच्या बोटीची वेळ त्याच दिवशी विचारा, हंगामाप्रमाणे बदलते.

टायरतज्ज्ञ

२५ चे टायर पुरतात. उगाच ३२ लावून सायकल जड करायची कशाला? डांबर तर आहे.

लाल_धूळ

डांबर आहे हो, पण कसलं! खडी मोठी, वरचा थर गेलेला, मधे पाइपलाइनसाठी खणून नुसती माती भरलेली. २५ च्या टायरला ९० किलोसाठी पाऊणशे ते नव्वद पीएसआय हवा लागते, मग मनगटं बधिर होतात. हवा कमी केली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ३२ मिमी असेल तर पुढे ५०, मागे ६०. २८ असेल तर ६५ आणि ७५. फ्रेममध्ये जेवढा मावेल तेवढा रुंद घ्या, पण टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना ४ मिमी तरी मोकळे राहू देत, नाहीतर ओली लाल माती अडकून चाक जाम होतं.

टायरतज्ज्ञ

बरं, २८ वर तडजोड. ३२ साठी माझ्या फ्रेममध्ये जागाच नाही, हे खरं कारण. :)

गिअर३४

हवेवरून आठवलं. गावातल्या टायरवाल्याकडे मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची नळी असते. प्रेस्टा व्हॉल्व्हला (रोडबाइकचा बारीक व्हॉल्व्ह) पितळी ॲडॉप्टर लागतो, दोन घ्या. एक व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. कार्बन डायऑक्साइडची कुपी वापरली तर संध्याकाळी ती हवा काढून पंपाने साधी हवा भरा. तो वायू ब्युटिल रबरातून लवकर झिरपतो, सकाळी टायर मऊ सापडतो आणि लोक नसलेलं पंक्चर शोधत बसतात. ट्यूबलेसवाल्यांनी निघण्याच्या आठवड्यात सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) तपासा. आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत त्याचं वाळलेलं साल उरतं.

बाकी पिशवीत: दोन ट्यूब, पॅच, टायरच्या आत लावायला जाड तुकडा (दुधाची पिशवी दुमडून चालते), लिव्हर, चेन तोडायची कळ असलेलं मल्टीटूल, तुमच्या चेनच्याच स्पीडची जोडकडी, तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर. हँगर रत्नागिरीतही मिळेल असं धरून चालू नका. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

पोल्डरकर

नेदरलँड्सहून वाचतोय. इकडे आणि बेल्जियममध्ये सायकलच्या वाटांच्या दर चौकाला क्रमांक असतो. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात १९९५ ला ही पद्धत सुरू झाली. निघताना ४५–४७–१२–८ असे आकडे कागदावर लिहायचे, दांडीला चिकटवायचे, फोन खिशात. आपल्याकडे आकडे नाहीत, पण फाट्यांची नावं आहेत. कोणी दिवसागणिक पट्ट्या लिहून देईल का?

सडेकर

कल्पना झकास. दुसऱ्या दिवसाची देतो, बाकीच्या हळूहळू:

मुरूड – राजपुरी सोडा – आगरदांडा जेट्टी – बोट – दिघी, उजवीकडे किनारा – आदगाव – वेळास – दिवेआगर – भरडखोल – शेखाडी – आरावी – श्रीवर्धन (जेवण) – हरिहरेश्वर.

वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर घामाने शाई जाते.

घाटावरचा

परतीचं सांगा. रत्नागिरीहून रेल्वेत सायकल घेतात का?

मालडबा

घेतात, ब्रेकव्हॅनमधून (गाडीचा सामानाचा डबा), तुमच्या तिकिटावर सामान म्हणून. गाडीच्या तास-दीड तास आधी पार्सल ऑफिसला जा. स्टेशन शहरापासून लांब आणि वर चढावर आहे, तो वेळ धरा. बसवायचंच असेल तर रत्नागिरीहूनच बसवा. छोट्या स्टेशनांवर दोन मिनिटांत ब्रेकव्हॅन उघडून सायकल चढत नाही.

तयारी अशी. दिवे, पंप, बाटल्या, मीटर काढून पिशवीत. पॅडल काढा. डावीकडच्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. गिअर मागच्या सर्वात मोठ्या चक्रावर टाका म्हणजे डिरेलर आत येतो. त्याहून चांगलं म्हणजे डिरेलर हँगरवरून सोडवून मागच्या दांड्यांच्या आत चिंधीत बांधा. पुठ्ठ्यावर नाव, मोबाइल, कुठून-कुठे असं जाड पेनाने लिहून फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. पावती जपा, सोडवताना तीच दाखवायची.

खासगी बसच्या डिकीत घालणार असाल तर पुढचं चाक काढा. हायड्रॉलिक डिस्क असेल तर पॅडच्या मधे दुमडलेला पुठ्ठा सरकवा. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन मिटतात आणि मुंबईला चाक बसत नाही. डिरेलरची बाजू वर, आणि तिच्यावर कोणाची बॅग नको, हे क्लीनरला समोर उभं राहून सांगा. एसटीच्या नव्या गाड्यांना टपावर कॅरिअर नाही, तिचा भरवसा धरू नका.

प्रजिमा

सडेकर, एक भर. रेवस–रेडी सागरी महामार्गात यातल्या बऱ्याच खाड्यांवर पूल प्रस्तावित आहेत, काही ठिकाणी कामं चालू आहेत. पूल झाला की तुमची ती 'झुंड जाऊ द्या' युक्ती तिथे संपली. सध्याचा त्रास वेगळा: कामाच्या पट्ट्यात खडी पसरलेली असते आणि पाण्याचे टँकर फिरतात. अशा ठिकाणी जुना गावातला रस्ता सहसा शाबूत असतो, त्याने जा. नवीन भरावावर सायकल घालू नका, कडेची माती बसलेली नसते.

लाल_धूळ

पावसाळ्याचं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. हिरवं असतं, सुंदर असतं, पण या मार्गावर जून ते सप्टेंबर रोडबाइक नको. सावलीतल्या वळणांवर काळपट शेवाळ धरतं, ते ओल्या डांबरासारखंच दिसतं. शेखाडीच्या बाजूला डोंगरातून दगड-माती येते. वादळी हवेत बोटी थांबवतात आणि मग महामार्गापर्यंत फिरून जाण्याखेरीज पर्याय उरत नाही.

हिवाळ्यातही रोज संध्याकाळी चेनची सेवा: बाटलीभर गोड्या पाण्याने मीठ धुवा, जोराची पिचकारी नको (बेअरिंगमध्ये पाणी शिरतं), फडक्याने कोरडी करा. प्रत्येक रोलरला आतल्या बाजूने एक थेंब तेल, दोन मिनिटं पॅडल उलटं फिरवा, मग बाहेरचं सगळं पुसून टाका. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसून ग्राइंडिंग पेस्ट होते.

नवशिकी_पॅडल

पट्टी लिहून घेतली. माझी कॅसेट ११-२८ आहे, पुढे ५०/३४. बदलायलाच हवी का?

गिअर३४

सामान ५ किलोच्या आत ठेवलंत आणि वजन ६० च्या आसपास असेल तर ३४/२८ ने भागेल, तीव्र तुकडे ढकलत जायची तयारी ठेवा. नाहीतर ११-३२ घ्या. डिरेलरच्या मागे नंबर कोरलेला असतो, तो इथे टाका. किती दात घेईल ते बघून सांगतो.